डाव्या बरगडीखाली

मोखोत्लोंगच्या दवाखान्यामागे, जिथे पिठाची पोती उतरवतात,
तिथे जमिनीवर तपकिरी कागद अंथरला होता,
चार कोपऱ्यांवर चार दगड. वारा तरी मधूनच पोट फुगवत होता.
मरायके म्हणाली, आडव्या व्हा.
मी म्हणाले, आडव्या व्हा.
हेच माझं काम. दिवसाला दोनशे मालोती आणि दुपारचं जेवण.

मान्थाती घोंगडीसकट आडवी झाली.
निळा खडू तिच्या कडेकडेने निघाला:
खांदा, कंबर, गुडघा. खोकला आला तेव्हा थांबला,
उबळ ओसरल्यावर जरा बाहेरून वळला.
म्हणून कागदावरची मान्थाती
खऱ्या मान्थातीहून डाव्या अंगाला जाड आहे.

त्याआधी मी संमतीपत्र वाचून दाखवलं होतं.
कधीही माघार घेता येईल, असं त्यात होतं.
आमच्या बोलीत ते असं झालं:
अर्ध्या वाटेवरून घरी येता येईल.
बायांनी माना हलवल्या. घरी यायला कुणाला नको असतं?

छातीत तिने मक्याची दोन कणसं काढली,
एकाचे दाणे काळे.
पायांशी खाणीत उतरणारा पाळणा, त्यात नवरा, कपाळावर दिवा.
त्यानेच आणलं हे धुळीबरोबर, असं गाव म्हणायचं,
तीही म्हणू द्यायची.
आणि डाव्या बरगडीखाली एक खिडकी.
बंद. नखाएवढी.

ही काय, मरायकेने विचारलं.
मान्थाती माझ्याकडे वळली. तुला सांगते. तिला नको.
आणि सांगितलं. रामोखेले, ओढ्यापलीकडचा.
शेवटचे अकरा आठवडे तीच त्याला भरवायची,
त्याची थुंकी राखेत पुरायची.
पाळणा नव्हे, नवरा नव्हे. तिथून.

मरायके वाट बघत होती. वाईट नव्हती ती.
स्वतःच्या पैशाने संत्री आणायची,
रात्री पाहुण्यांच्या खोलीत रडायची, भिंत पातळ होती.
वाक्य माझ्या तोंडात होतं
आणि मला पैसे मिळत होते ते वाक्यं बाहेर काढण्याचे.
गिळण्याचे कुणी देत नाही.

रॉटरडॅमला मान्थाती पांढऱ्या भिंतीवर लागली, काचेमागे.
सहभागी क्रमांक सात.
नाव नाही, चेहरा नाही. नियम सगळे पाळलेले.
फक्त घोंगडीचा पट्टा तिने हुबेहूब रंगवला होता,
उसवून लाल दोऱ्याने शिवलेल्या जागेसकट.
शेजारच्या पाटीवर खिडकीचा अर्थ, चार ओळींत,
माझ्या तोंडून निघाला होता त्याहून किती सुंदर.
लोक म्हणे त्या पाटीपाशीच जास्त वेळ थांबायचे.

फोटो आधी मासेरूला आला,
मग दिराच्या फोनवर,
मग गिरणीच्या रांगेत, पोरांनी बोटांनी मोठा करून.
ती रांगेत उभी असताना.

मी मरायकेला लिहिलं. तिने त्याच रात्री उत्तर दिलं, फार लांब.
पाटी उतरवली. पुस्तक छापून झालं होतं,
मुखपृष्ठावर खिडकी.

मान्थाती मार्चमध्ये आली माझ्याकडे.
औषधं पुरी झाली होती, अंगावर मांस चढलं होतं,
त्या निळ्या रेघेत आता मावली नसती.
मला वाटलं, शिव्या देईल. मी चहाचं आधण ठेवलं.
ती म्हणाली, आडवी हो.

चुलीतला विझका कोळसा घेऊन
सारवलेल्या जमिनीवर तिने माझ्याभोवती रेघ ओढली,
बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. घाई नव्हती तिला.
मग विचारलं, कुठे दुखतं?

मी सांगितलं. पुष्कळ सांगितलं,
आईलाही न सांगितलेलं.
ती ऐकत राहिली, हं नाही की हूं नाही. आधण आटून गेलं.
मग मला उठवलं, कोपऱ्यातली केरसुणी घेतली
आणि खांद्यांपासून खाली सगळी मला झाडून काढली.

उंबऱ्यापाशी एक टाच राहिली.
मी फडकं घेऊन वाकले, तर म्हणाली,
आत्ता नको. मी गेल्यावर पूस.
मी बघितलं असं नको व्हायला.